दगड सरकारी, गुडघे ममताचे

मी बोरी अरबच्या रस्त्यावरचा पाच नंबरचा दगड बोलतोय. बोलतोय ते खरं आहे, पण माझ्या पोटावर लिहिलंय ते खोटं आहे. हे आधीच सांगून मोकळा होतो. नाहीतर मागून कुणाकडून कळलं, तर म्हणाल म्हातारा लपवत होता.

बसा. शेजारी बसा, माझ्यावर नको. बरं, बसा माझ्यावरच. इथं येणारा प्रत्येक जण तेच करतो, विचारत कोणी नाही. बिडी विझवायची असली तरी माझ्याच डोक्यावर. एकदा कुणी बाई हळद-कुंकू लावून गेली होती. महिनाभर माझा थाट चालला. मग बांधकाम खात्याचा रंगवाला आला आणि त्यानं देवावर चुना फासला.

माझा जन्म खदानीतला. सुरुंगानं डोंगराचा एक काळा तुकडा पाडला, पाथरवटानं त्याचे चार भाग केले. एकाचा पाटा झाला. तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रोज लसूण-मिरची खातो. दुसरा नाल्यावर कपडे आपटायला गेला. गावातल्या भानगडी त्याला सगळ्यांच्या आधी कळतात. तिसरा एका घराची पायरी झाला. चौथा मी. माझं डोकं गोल केलं, अंगाला चुना लावला आणि पोटावर लिहिलं, ‘बोरी अरब ५’. माझं शिक्षण एवढंच. पाच मला येतो. सहा कसा लिहितात ते पुढच्या दगडाला विचारा.

पंचवीसेक वर्षं मी माझ्या खऱ्या जागी उभा होतो. बोरीच्या एसटी स्टँडपासून मोजून पाच किलोमीटर. तिथं ना झाड, ना घर, पण एसटी थांबायची. ‘दगडाजवळ उतरायचं हाय’ म्हटलं की कंडक्टर दोरी ओढायचा. मग रस्ता रुंद करायला मशीन आलं. त्यानं मला दाढ उपटावी तसं उपटलं आणि नालीत फेकलं. सहा महिने मी तोंडावर पडून होतो. एवढ्या दिवसांत एकानं विचारलं नाही, की बापा, पाच कुठं गेला? चार नंबर तर त्याच वेळी मुरमाखाली गाडला गेला. त्याचंही सुतक कुणी पाळलं नाही.

मला उचललं ते किसनरावानं.

किसनराव म्हणजे इथलाच कास्तकार. कापूस आणि तूर. राहतो वावरातच, त्याचं वावर माझ्या जुन्या जागेपासून सहाशे मीटर पुढं. तेव्हा साठीचा होता, आता एकाहत्तरचा आहे. जीभ तेव्हाही विळ्यासारखी होती. त्याची बायको विमलताई बोरीहून बाजार घेऊन एसटीनं यायची. दगड नाही म्हणून ड्रायव्हर मनाला येईल तिथं गाडी थांबवायचा, आणि बाई डोक्यावर पिशवी घेऊन गुडघे चोळत घरी पोचायची. एक दिवस ती दारातच बसली आणि म्हणाली, “आता तुम्हीच जात जा बाजारले. माहे गुडघे सरले.”

किसनराव बाजाराला जाणारा माणूस नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं बैलगाडी जुंपली, देवसिंग नावाच्या आपल्या सालगड्याला सोबत घेतलं आणि मला नालीतून काढून थेट आपल्या वावराच्या फाटकाशी आणून गाडलं.

देवसिंग घाम पुसत म्हणाला, “काकाजी, हा मोजून लावा लागते न? आपण लय पुढं आणला याले.”

“त्याच्यावर काय लिहिलं हाय?”

“पाच.”

“मंग जिथं हा, तिथं पाच. हाण मुरूम.”

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून एसटी माझ्यापाशी थांबायला लागली. विमलताई गाडीतून उतरली की चार पावलांवर घर. किसनरावानं मग फाटकाला लागून चहाची टपरी टाकली. पुढचा सहा नंबर आता माझ्यापासून चारशे मीटरवरच आहे. पाच आणि सहाच्या मध्ये अंतर असं आटलं कसं, हे अकरा वर्षांत एकाही माणसाला खटकलं नाही. उलट पाच गेला की लगेच सहा येतो, म्हणून लोक खूष. म्हणतात, रस्ता चांगला झाला तर असं होतंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण लोकांना पळायचं वेड लागलं.

आधी पोलीसभरतीवाली पोरं यायची. स्टँडवरून निघायचं, माझ्या डोक्याला हात लावायचा आणि परत फिरायचं. हात लावला नाही तर फेरी धरायची नाही, असा कायदाच झाला. माझ्या टकलावरचा रंग गेला तो याच हातांनी. वरून मी कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. पहाटे पाच-साडेपाचला कुणीतरी धापा टाकत तुमच्याकडेच येतंय, ही गोष्ट लहान नाही. तुमच्याकडे येतं का कुणी?

त्यांच्यात गेल्या वर्षी ममता आली. वय चौतीस. बोरीच्या अंगणवाडीत मदतनीस. नवरा संघदीप ऑटो चालवतो. ही बाई जानेवारीत यवतमाळला एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरली होती. तिथं नियम असा, की तीन तासांत आला नाहीत तर मागून गाडी येते आणि तुम्हाला उचलून नेते. सतराव्या किलोमीटरला ती गाडी आली. ममता म्हणाली मी पळते. गाडीवाले म्हणाले बसा ताई. ती बसली, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. गाडीत केळं हातात घेऊन रडणारी ममता बोरीच्या घराघरात पोचली. अंगणवाडीतल्या लेकरांच्या आयासुद्धा म्हणायच्या, “मदतनीसबाई, केळं खाता का?”

म्हणून तिनं ठरवलं होतं, की यंदा स्वतःच्या पायांनी जायचं आणि स्वतःच्या पायांनीच यायचं. तिला नंबर नको होता. फक्त ती गाडी मागं राहिली पाहिजे, एवढंच.

दर रविवारी ती दोन फेऱ्या मारायची. स्टँड ते मी, मी ते स्टँड, पुन्हा एकदा तसंच. वीस किलोमीटर झाले असं सगळे धरून चालायचे. खरे किती व्हायचे ते मला माहीत होतं. बावीसच्या वर. पण मी पडलो दगड.

तिला वेळ लागायचा दोन तास पन्नास मिनिटं. किसनरावाच्या टपरीत बसून कपिलनं हिशेब केला. कपिल म्हणजे गावातला व्यायामाचा जाणता. मोबाईलवर पाहून सगळ्यांना शिकवतो, आणि स्वतः मोटरसायकलवर बसून पळणाऱ्याच्या शेजारून जात राहतो. त्याच्या गाडीचा मीटर तीन वर्षांपासून एकाच आकड्यावर अडकलेला आहे.

“वहिनी, या हिशेबानं एकवीसले तुम्हाले दोन तास एकोणसाठ मिनिटं लागन. म्हणजे गाडी तुमच्या मागं एक मिनिटानं. चप्पल निसटली की बसा गाडीत.”

“मंग काय करू?”

“शनिवारी वीस, रविवारी वीस. लागोपाठ. पहिल्या दिवशी पाय थकते, दुसऱ्या दिवशी थकलेले पाय पयाले शिकते. बाहेरच्या देशातले लोक असंच करते.”

किसनराव चहा गाळत होता. तो गाळणी आपटून म्हणाला, “बैलाले आज दिवसभर वखराले जुंपलं, तर उद्या कोणी जुंपते का बे? बाहेरच्या देशात बैल नसन.”

“काकाजी, तुम्ही चहा द्या. साखर कमी.”

“तुले साखर कमीच लागते. अक्कल बी.”

ममतानं आपला मोबाईल काढला. काच फुटलेली, कडेला चिकटपट्टी. ती हळूच म्हणाली, “पण भाऊ, माह्या मोबाईलात तर बावीस पॉइंट चार दाखवून राह्यलं.”

माझा श्वास अडकला. दगडाला श्वास नसतो, तरी अडकला. मी किसनरावाकडं पाहिलं. किसनराव उकळणाऱ्या दुधाकडं पाहत होता.

कपिल हसला. “जुना हाय वहिनी तो. इथं टॉवर नाई, तो काहीबी दाखवते.” आणि माझ्या टकलावर थाप मारून म्हणाला, “हा पाहा. सरकारी दगड हाय. सरकारी दगड झूठा असन का? काहो काकाजी?”

किसनरावाचं दूध उतू गेलं. तो ते पुसत बसला. मग म्हणाला, “दगड... दगडच हाय.”

झालं. माझ्यावर विश्वास ठेवून ममतानं शनिवार-रविवार धरला.

पहिल्या शनिवारी ती आली ती हसत. रविवारी आली ती तोंड मिटून. त्याच दोन फेऱ्यांना तीन तास दहा मिनिटं लागली. कपिल म्हणाला, पाय शिकून राह्यले. दुसऱ्या शनिवारी ती थोडी वाकडी आली. पळून झाल्यावर शनिवारी सुटी थोडीच असते? अंगणवाडीत जाऊन लेकरांची खिचडी उभ्यानं शिजवायची. संघदीप टपरीत सांगत होता, “आता अंगणवाडीतले सगळे लेकरं एक पाय ओढत चालते. बाईनं शिकवलेलं नवं गाणं हाय, असं वाटलं त्याईले.”

तो हसला, पण पेला तसाच हातात राहिला. मग म्हणाला, “राती गुडघ्याले कपडा बांधून झोपते हो काकाजी. मी म्हटलं एक दिवस सोड. म्हणते, एका मिनिटाचा सवाल हाय.”

किसनराव पेले विसळत राहिला. विमलताई आत तुरीच्या शेंगा सोलत होती. संघदीपचा ऑटो गेल्यावर ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सांगत काहून नाई तिले?”

“काय सांगू?”

“मले विचारता? माह्यासाठीच आणला न हा धोंडा?”

धोंडा मला म्हणाली. असो.

“अवं, सरकारी वस्तू हाय,” किसनराव खालच्या आवाजात म्हणाला. “साहेब येईन, पंचनामा करन. एसटी थांबणार नाई. मंग तू चालशीन का?”

“अकरा वर्षांत कोणता साहेब आला? रंगवाला येते, तोबी चहा फुकट पिऊन जाते.”

“अन् लोक हासतीन, ते? वर्षभर मी त्या कपिल पोट्ट्याले दगडच खरा म्हणून राह्यलो.”

“हासू द्या. माहे गुडघे वाचवाले तुम्ही दगड आणला, लय चांगलं केलं. आता त्या बाईचे गुडघे याच दगडापायी चालले. तुमच्या डोयासमोर.” एवढं बोलून ती आत गेली. आतून म्हणाली, “अन् आज भाकर तुम्हीच थापा.”

किसनराव माझ्यावर येऊन बसला. खूप वेळ बसला. त्याच्या बुडाखाली मी विचार करत होतो, आणि माझा विचार काही फार चांगला नव्हता. खरं बाहेर पडलं तर पळणारे लोक सहाशे मीटर अलीकडूनच परत फिरतील. मग माझ्याकडं कोण येणार? एसटीतून उतरणाऱ्या पिशव्या, आणि बिड्या. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, गप्प बस. मग ममताचा हात आठवला. आदल्या दिवशी तिनं डोक्याला हात लावला नव्हता. ती माझ्यावर रेलली होती.

तिसरा शनिवारही गेला. रविवारी मी पहाटेपासून बोरीकडं डोळे लावून होतो. थंडी होती, कापसाच्या वावरांवर धुकं. ममता आली ती मला आधी दिसली नाही, ऐकू आली. एक पाय पडतो, एक घासतो. एक पडतो, एक घासतो. मागं संघदीपचा ऑटो, हेडलाइट लावून, आणि शेजारी मोटरसायकलवर कपिल. तो ओरडत होता, “पाच झाले वहिनी! हात लावा अन् फिरा!”

तेवढ्यात किसनराव टपरीतून उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला, माझ्या डोक्यावर पसरला आणि वर मांडी घालून बसला.

ममता समोर येऊन उभी राहिली. छाती भात्यासारखी चाललेली.

“काकाजी, उठा. हात लावाचा हाय.”

“नाई उठत.”

“अवो, फेरी धरल्या जात नाई!”

“नको धरू.”

ती दुपट्ट्याच्या कडेनं बोट घालायला गेली. किसनरावानं बूड सरकवलं. ती दुसऱ्या बाजूनं आली, तो तिकडं सरकला. एकाहत्तर वर्षांचा माणूस माझ्या डोक्यावर असा गोल फिरत होता, जणू मी त्याच्या बापाची खुर्ची. कपिलनं हॉर्न दाबून धरला.

“बुढेबा, वेळ चालू हाय न! घड्याळ थांबत नाई!”

“थांबव मंग त्याले.”

“काकाजी, पाया पडते,” ममता म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “काहून असं करता? मले एक मिनिट कमी पडून राह्यलं. एक मिनिट! पुन्हा त्या गाडीत बसली तर मी गावात तोंड कसं दाखवू?”

किसनरावानं विमलताईकडं पाहिलं. ती दारात उभी होती, हातात उलथनं. पाहिल्यावर तो उठला. दुपट्टा काढला. आणि रस्त्याकडं तोंड करून, माझ्याकडं नाही, ममताकडंही नाही, म्हणाला,

“हा दगड झूठा हाय.”

कपिल म्हणाला, “आता बापा! कोण म्हणते?”

“मी म्हणतो. म्याच आणला हा इथं. अकरा साल झाले. हिचे गुडघे दुखे म्हणून. याची जागा तिकडं मागं हाय, आता दोन बाभया उगवल्या हाय न, तिथं. देवसिंगले विचारा.”

संघदीपनं ऑटो बंद केला. मग पुन्हा सुरू केला, वळवला, आणि एकटाच बोरीकडं गेला. त्याच्या ऑटोचा मीटर चालू होता. इतके दिवस तो का पाहिला नाही, म्हणाल तर सरकारी दगड असताना ऑटोचा मीटर कोण पाहतो? चहाच्या दोन खेपा उकळून होईपर्यंत तो परत आला.

“पाच पॉइंट सहा,” तो म्हणाला. “जाताना बी, येताना बी.”

ममतानं हातातला फुटका मोबाईल उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “म्हणजे हा खरं बोलून राह्यला होता?”

हिशेब या वेळी तिनं स्वतःच केला, काडीनं, मातीत, माझ्या पायाशी. दोन फेऱ्या म्हणजे बावीस पॉइंट चार. ते पन्नास कमी तीन तासांत... नाही, ती चुकली, तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं. दोन तास पन्नास मिनिटांत बावीस पॉइंट चार. म्हणजे एकवीसला दोन तास चाळीस. गाडी वीस मिनिटं मागं.

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “माय वो. वीस मिनिटं! अन् मी दर शनिवारी सकाऊन उठून एका मिनिटाच्या मागं पयत होती.” मग ती किसनरावाकडं वळली. मला वाटलं, आता मारते. तिनं काडी फेकली आणि ती इतकी हसली की खाली बसली, आणि बसल्यावर गुडघा दुखला म्हणून ओरडली, आणि परत हसली.

कपिल मात्र पेटला. “वर्षभर मले दगडच खरा म्हणून राह्यले, अन् स्वतःच चोर!”

“सरकारी दगड झूठा असन का, हे तूच बोलला होता,” किसनराव म्हणाला. “म्या फक्त दूध पुसलं.”

विमलताईनं ममताला हाताला धरून उठवलं. “आज दुसरी फेरी नाई. ऑटोत बस. ही गाडी नवऱ्याची हाय, इच्यात बसाले लाज नाई.”

ममतानं क्षणभर विचार केला. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. पाय म्हणत होता बस, आणि ते केळं म्हणत होतं पळ. मग ती लंगडत गेली आणि ऑटोत बसली. त्या दिवसापासून तिचा लांबचा पल्ला आठवड्यात एकदाच, रविवारी. सोमवारी आराम. कपिल अजून म्हणतो की बाहेरच्या देशात लागोपाठच करतात. म्हणू द्या.

जानेवारीत यवतमाळची शर्यत झाली. मी तर जाणार नव्हतो. पुढच्या रविवारी ती चालत आली, पळत नाही, माझ्यावर बसली आणि किसनरावाला सांगितलं. दोन तास त्रेचाळीस. चढावर तीन मिनिटं खाल्ली. मागून गाडी आली ती रिकामीच. ड्रायव्हरनं ओळखलं म्हणे, आणि खिडकीतून केळं दाखवलं.

“घेतलं का?” विमलताईनं विचारलं.

“घेतलं न. उभ्यानं खाल्लं.”

आता माझं सांगतो. साहेब काही आला नाही. किसनराव अजून पांढरी जीप दिसली की टपरीत आत जातो. एसटी माझ्यापाशीच थांबते, विमलताई चार पावलांत घरी पोचते. कपिलनं मागच्या दोन बाभळींना पांढरा पट्टा मारलाय, भरतीवाली पोरं तिथूनच परत फिरतात. मला त्यांचं येणं दिसतं, मग त्यांच्या पाठी दिसतात. माझ्या टकलावर यंदाचा रंग अजून तसाच आहे, चकचकीत. मला तो आवडत नाही.

फक्त ममता पट्ट्यापाशी वळत नाही. बोरीहून निघते, पट्टा ओलांडते, सहाशे मीटर जास्तीचे पळत येते, डोक्यावर हात ठेवते आणि मगच फिरते. का, ते ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

तर तुम्हीही इकडून गेलात तर थांबा. माझ्या पोटावरचा आकडा वाचू नका, तो बायकोच्या गुडघ्यांसाठी लिहिलेला आहे असं समजा. डोक्याला हात लावा, रंग गेला तर जाऊ द्या. चहा घ्या, साखर कमी सांगू नका. आज आलात, बरं वाटलं. पण उद्या लगेच येऊ नका. एक दिवस जाऊ द्या. परवा या.